तारे बघायचे की उपग्रह मोजायचे?

कृत्तिकावेडा
परवाच्या अमावस्येला वांगणीला गेलो होतो, ट्रायपॉड ट्रॅकर थर्मास सगळं लादून. देवयानी दीर्घिकेचे तीस-तीस सेकंदांचे ४० फोटो काढले, घरी येऊन बघतो तर ९ फोटोंत रेघोट्या, पोरानं पाटीवर खडू ओढल्यासारख्या. कोणाचे उपग्रह होते देव जाणे. मे २०१९ मध्ये उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकनं पहिले ६० सोडले, आता हजारोंनी झालेत, शिवाय वनवेब, ॲमेझॉन आहेतच. इंटरनेट हवं हे मान्य, पण आकाश वापरायला कोणाला विचारलं?

धडगावचा मास्तर
आमच्याकडे या, आकाश असं काळंभोर की बास. पण ऑनलाइन हजेरी भरायला मी टेकडी चढतो आणि गेल्या पावसाळ्यात पाड्यावर एका बाईला कळा सुरू झाल्या तेव्हा १०८ ला फोन लावायला तिचा दीर भर पावसात तीच टेकडी चढला. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं स्टारलिंकबरोबर इरादापत्र केलं त्यात आमचा नंदुरबार जिल्हा आहे. होईल तेव्हा होईल, पण तुमच्या ९ फोटोंसाठी आम्ही थांबायचं का?

दिवे घालवा
कृत्तिकाभाऊ, कुसळ दिसतंय, मुसळ नाही. वांगणीहून कल्याण-डोंबिवलीचा उजेड दिसत नाही का तुम्हाला? आणि फोटो किती वाजता काढले ते सांगा आधी. स्टारलिंकचे उपग्रह साधारण पाचेकशे किमीवर असतात, खाली अंधार पडला तरी त्यांच्यावर ऊन असतं म्हणून चमकतात. आपल्याकडे हिवाळ्यात दोनेक तासांत बहुतेक सगळे पृथ्वीच्या सावलीत जातात, की गुडूप. नऊनंतर कॅमेरा लावा. उरलेल्या रेघा स्टॅकिंग करताना, म्हणजे सगळे फोटो एकावर एक रचताना, सिग्मा क्लिपिंगनं जातात, एखाद्याच फोटोत आलेला उजेड ते गाळून टाकतं.

कृत्तिकावेडा
सव्वासातला काढले, खोटं कशाला बोलू. पण ऑक्टोबर २०२४ चा त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू आठवतोय का, सूर्य मावळल्यावर थोडा वेळच पश्चिमेला दिसायचा, त्याला सांगू का नऊला ये म्हणून? सूर्याच्या बाजूचे लघुग्रह शोधायचे तेही संधिप्रकाशातच. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेचा कॅमेरा ३२०० मेगापिक्सेलचा, एका फोटोत चाळीसेक पौर्णिमेचे चंद्र मावतील एवढं आकाश, त्यात रेघा येणारच. दिव्यांपासून पळून पेंचला तरी जाता येतं, जानेवारी २०२४ मध्ये ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं. उपग्रहांपासून पळून कुठे जाऊ, लडाखमधल्या हानलेला गेलो तरी डोक्यावर तेच.

नारायणगावकर
डोळ्यांना दिसतं तेवढ्यावरच भांडताय राव. आमच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश आहेत, एकेक ४५ मीटरची. रेडिओ दुर्बिणीला ना ऊन ना सावली. नेदरलँड्समधल्या लोफार या रेडिओ दुर्बिणीनं पकडलंय की उपग्रहांच्या इलेक्ट्रॉनिक्समधूनच नको त्या फ्रिक्वेन्सीवर गळती होते, ती काय सूर्य बघून थांबते का? त्याला नऊ वाजताचा उपाय नाही.

दिवे घालवा
हा मुद्दा बरोबर, इथे मी गप्प. दिव्यांचं मात्र मागे घेत नाही.

धडगावचा मास्तर
मग उपग्रहांना काळा रंग द्या की. दिला होता ना एकाला?

कृत्तिकावेडा
दिला होता मास्तर, २०२० मध्ये स्टारलिंकनंच. अंधूक झाला पण उन्हात तापायला लागला. मग छत्रीसारखी झडप लावली, ती उपग्रहांच्या आपसातल्या लेझर लिंकच्या आड यायला लागली म्हणून काढली. म्हणजे जमतं थोडंफार, पण सगळ्यांना लागू होईल अशी सक्ती नाही आणि माझा राग तिथेच आहे. टेकडीचं वाचून जरा लाजलो हेही खरं. तुमच्याकडे साधा टॉवर का होत नाही पण?

धडगावचा मास्तर
ते आम्हीही विचारतोय, वर्षानुवर्षं. पुढच्या अमावस्येला या देवयानी बघायला, मक्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आमच्याकडे. फक्त पोचल्यावर फोन करू नका, लागणार नाही. शाळेपाशी उभे राहून हाक मारा.