सल्ला हवा: मुलाखतीत इंग्रजी बोलताना गाडी अडते

मांजराकाठ: नमस्कार. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत लातूर जिल्ह्यात मराठी माध्यम. इंग्रजी पहिलीपासून होतं (मराठी शाळांत २००० सालापासून आहेच), मार्कही बरे पडायचे, पण तोंडाने बोलायची वेळ कधी आलीच नाही. दोन कंपन्यांची ॲप्टिट्यूड टेस्ट निघाली, दोन्हीकडे मुलाखतीत गळलो. सोयाबीनचं टोकण यंत्र (एका भोकात एकच बी टाकणारं) आम्ही स्वतः वेल्डिंग करून बनवलंय, तरी 'प्रोजेक्ट सांगा' म्हटल्यावर 'अवर प्रोजेक्ट इज' याच्या पुढे शब्द फुटेना. स्पोकन इंग्लिशचा क्लास बारा हजार मागतोय. लावू का?

जुना_फिटर: आत्ता नको. मी दरवर्षी ट्रेनी निवडायला बसतो. व्याकरण चुकलं म्हणून कुणाला सोडत नाही. पोरगं गप्प बसलं की सोडावं लागतं, कारण त्याला काय येतं तेच कळत नाही. यंत्र कशासाठी, बी खाली कसं पडतं, काय बिघडलं, तुम्ही काय बदललं, एवढंच इंग्रजीत सांगायला शिका. 'द होल वॉज टू बिग, सो टू सीड्स ड्रॉप्ड टुगेदर.' झालं! हे ऐकलं की मी पुढचा प्रश्न विचारतोच. पाठ मात्र करू नका, एक शब्द निसटला की सगळं निसटतं. मोबाइलवर रेकॉर्ड करा, ऐका, परत बोला.

सई_नगर: काही कंपन्या व्हर्संटसारखी इंग्रजी बोलण्याची चाचणी घेतात. समोर माणूस नसतो. वाक्य ऐकायचं, लगेच जसंच्या तसं म्हणायचं, गुण मशीन देतं. मी तिथेच अडकले होते. मग बीबीसीचं '६ मिनिट इंग्लिश' लावून एकेक वाक्य थांबवत मागोमाग म्हणायचे. महिनाभरात जीभ वळायला लागली. एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सची साइट) सॉफ्ट स्किल्सचे कोर्सही फुकट बघता येतात, फी प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच.

वसतिगृह_१४: मी थोडं वेगळं सांगेन. एकट्याने रेकॉर्ड करून माणसांची भीती जात नाही. आम्ही चौघं रोज जेवणानंतर अर्धा तास फक्त इंग्रजीत बोलायचो. कुणी चुकलं तर हसायचं नाही, एवढा एकच नियम. ग्रुप डिस्कशनला त्याचाच उपयोग झाला.

मांजराकाठ: सगळ्यांचे मनापासून आभार. रूममेट तयार आहेत. आत्ताच रेकॉर्ड केलं, चाळीस सेकंदांत थांबलो. टोकणला इंग्रजीत काय म्हणतात?

जुना_फिटर: डिबलिंग. नाही आठवलं तर 'वन सीड इन वन होल' म्हणा, पण थांबू नका. उद्याचं रेकॉर्डिंग किती सेकंदांचं झालं ते इथेच कळवा.