शेजारच्या सोन्याचा वाढदिवस

दहागुंठेवाला
शिरवळजवळ आमचं छोटंसं शेतघर आहे. परवा शेजारचे तात्या येऊन म्हणाले, "रविवारी आमच्या सोन्याचा चौथा वाढदिवस. सहकुटुंब यायचं." नातू असेल म्हणून खेळण्यातला ट्रॅक्टर घेऊन गेलो. मांडवात सोन्या उभा! खिल्लार बैल, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. पुढ्यात दोन मजली केक. फ्लेक्सवर शुभेच्छुकच चाळीस. तीनशे पानं उठली, मग डीजे. मला खरंच कोडं पडलंय, गावात पैसा जास्त झालाय की कामं संपलीत?

खिल्लारवेडा
"कामं संपलीत" वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हा माझ्या चुलत्यांनी तीन वर्षं सांभाळलेला खोंड मिळेल त्या भावाने दिला. आठवडाभर गोठ्यात गेले नाहीत. नांगराला ट्रॅक्टर आल्यावर खिल्लार दावणीला ठेवणार कोण? सशर्त परवानगीला डिसेंबर २०२१ उजाडला आणि घटनापीठाने आपल्या राज्याचा शर्यतीचा कायदा वैध ठरवला तो १८ मे २०२३ ला. पळणाऱ्या बैलाला दूध, अंडी, कणकेचे गोळे, पोरापेक्षा जास्त जपतात. तुमच्या सोसायटीत कुत्र्याचा केक कापतात तेव्हा कोडं पडत नाही वाटतं?

वऱ्हाडी ठेचा
कुत्रं राहू द्या. बैलाला पोळा असताना ही केकची थेरं कशाला? आदल्या दिवशी खांदे शेकायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणायचं, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. झालं.

खिल्लारवेडा
पोळा तुमच्याकडे. आमच्याकडे बेंदूर, आषाढात.

वऱ्हाडी ठेचा
आषाढात डवरणी, म्हणजे तुमची कोळपणी, चालू असते हो! बैल तेव्हा कामावर. श्रावण अमावस्येला कामं उरकलेली असतात. तुमचा सणच घाईत.

सीमेवरचा
कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेला. आमच्याकडे दोन्ही बेंदूर होतात, पुरण दोनदा. भांडा तुम्ही.

खिल्लारवेडा
घाईत? लाकडी बैल ओढून बक्षिसं वाटणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.

वऱ्हाडी ठेचा
पोराटोरांच्या तान्ह्या पोळ्यावर घसरू नका, सांगून ठेवतो. माझ्या बाबांनी सागाचा बैल स्वतः तासला होता. एक चाक तिरकं, चालताना लंगडायचा. अजून कपाटावर आहे. तुमच्या डीजेपेक्षा त्याला जास्त माणसं बघायला यायची.

झोपमोड
पंचांग मिटा आणि डीजेवर बोला. रात्री दहानंतर बंदी आहे, नियम २००० सालापासूनचे. आमच्या शेजारी असाच सोहळा झाला, तर आमची म्हैस बिथरली, दोन दिवस पान्हा सोडेना. बैलाचं कौतुक आणि म्हशीचे हाल!

खिल्लारवेडा
डीजेचं मान्य. तेवढंच मान्य. म्हशीला आमचा नमस्कार सांगा.

दहागुंठेवाला
बरं बाबा, "कामं संपलीत" मागे घेतो. फ्लेक्सबद्दल मात्र माझं मत तेच. आणि केकला सोन्याने तोंडही लावलं नाही. तात्यांनी कणकेचा गोळा पुढे केला, तो खाऊन नंतर कितीतरी वेळ त्यांचा तळहात चाटत होता. काल गेलो तर आमचा ट्रॅक्टर गोठ्यात खुंटीला टांगलेला. मी ओशाळलो. तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की. कुणामुळं सुट्टी मिळाली, त्येबी बघू दे सोन्याला."