शब्दचर्चा: ‘निर्बंध’, ‘बंदी’ आणि ‘मनाई’

विचारणा

वर्तमानपत्रांत आणि शासकीय पत्रकांत ‘निर्बंध’, ‘बंदी’, ‘मनाई’ आणि ‘प्रतिबंध’ हे चार शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. मथळ्यात ‘निर्बंध’ असतात, बातमीच्या पहिल्या ओळीत त्यांचीच ‘बंदी’ होते आणि शेवटी पोलिसांचा ‘मनाई आदेश’ येतो. राज्यघटनेच्या मराठी पाठात अनुच्छेद 19 मध्ये मात्र ‘वाजवी निर्बंध’ अशी निश्चित शब्दयोजना आहे. हे शब्द खरोखर समानार्थी आहेत, की शासनाला नागरिकावर किती सत्ता चालवता येते याची मर्यादाच त्यांच्यातील फरकात दडलेली आहे, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद 1

व्युत्पत्तीपुरते सांगतो. संस्कृतात ‘निर्बंध’ म्हणजे मुख्यतः आग्रह किंवा हट्ट. मराठीत त्याला नियमाचे बंधन हा अर्थ आला आणि तोच रूढ झाला. भाषाशुद्धीच्या चळवळीत तर ‘कायदा’ या अरबी शब्दाऐवजी ‘निर्बंध’ वापरावा, असा आग्रह धरला गेला होता. ‘मनाई’ अरबीतून फारसीमार्गे आलेली असून तिच्यात एका विशिष्ट कृतीला दिलेला स्पष्ट नकार असतो; म्हणूनच न्यायालयाचा ‘मनाई हुकूम’. ‘प्रतिबंध’ भविष्याकडे पाहतो: प्रतिबंधक लस, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, प्रतिबंधात्मक स्थानबद्धता. ‘बंदी’चा अर्थ उघड आहे, दार मिटले.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मराठीत ‘अनिर्बंध’ हे विशेषण आपण बहुधा सत्तेला लावतो. अनिर्बंध सत्ता, अनिर्बंध अधिकार. म्हणजे निर्बंध केवळ प्रजेवर नसतात, राज्यकर्त्यावरही असायला हवेत, ही जाणीव आपल्या भाषेत मुरलेली आहे.

प्रतिसाद 2

वरील प्रतिसादाचा शेवटचा मुद्दा घटनेच्या अंगाने पुढे नेतो, कारण अनुच्छेद 19 ची रचना नेमकी तशीच आहे. पहिल्या खंडात नागरिकाची स्वातंत्र्ये दिली आहेत. दुसऱ्यापासून सहाव्या खंडापर्यंत, त्या स्वातंत्र्यांवर राज्य कोणत्या कारणासाठी निर्बंध घालू शकते, हे सांगितले आहे. हे खंड वरवर वाचले तर शासनाला दिलेली सूट वाटतात. परंतु निर्बंध कायद्यानेच घातलेला असला पाहिजे, तो नमूद केलेल्या कारणांपैकी एखाद्यासाठी असला पाहिजे आणि तो वाजवी असला पाहिजे, या अटी लक्षात घेतल्या की तेच खंड शासनावरील निर्बंध ठरतात.

‘वाजवी’ हे विशेषण सहजासहजी आलेले नाही. मूळ मसुद्यात ते नव्हते; संविधान सभेत पंडित ठाकुरदास भार्गव यांनी दुरुस्ती सुचवून ते आणले. भाषणस्वातंत्र्याविषयीच्या दुसऱ्या खंडात तर ते 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले. त्या दुरुस्तीने निर्बंधांची कारणे वाढवली म्हणून तिच्यावर टीका होते आणि ती योग्यही आहे, पण न्यायालयाच्या हाती मोजमापाचे साधनही तिनेच दिले, हे नोंदवायला हवे.

‘वाजवी’ म्हणजे काय, याचा एक आरंभीचा निर्णय आपल्या जवळचा आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाड या तेव्हाच्या प्रांतात 1948 मध्ये एक कायदा झाला. शेतीच्या हंगामात मजुरांची चणचण भासू नये, म्हणून ठरावीक गावांतील लोकांनी त्या काळात विड्या वळू नयेत, असा आदेश काढण्याची मुभा त्यात होती. सागर जिल्ह्यात तसा आदेश निघाला. सर्वोच्च न्यायालयाने 1950 मध्ये तो कायदा अवैध ठरवला. शेतीला मजूर मिळावेत हा हेतू न्यायालयाने गैर मानला नाही. परंतु ज्यांना शेतात राबणे शक्यच नाही अशा वृद्धांचा, अपंगांचा आणि मुलांचाही रोजगार ज्या नियमाने थांबतो, तो हेतूपेक्षा फार पुढे जातो, असे सांगितले. वाजवी या शब्दाचा अर्थ याहून नेमकेपणाने सांगता येईल असे मला वाटत नाही. भाजी किंवा भाडे वाजवी आहे असे आपण म्हणतो तेव्हाही किंमत आणि वस्तू यांचा मेळच पाहत असतो.

विचारणा करणाऱ्याचा उपप्रश्न

मग संपूर्ण बंदी ‘निर्बंधा’त बसते की नाही? बसत असेल, तर शब्दांतला फरक उरतो कुठे?

प्रतिसाद 2 (पुढे)

बसू शकते. निर्बंधाची व्याप्ती बंदीपर्यंत जाऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेले आहे. मात्र तेवढ्या टोकाला जायचे तर त्याचे समर्थन करण्याचा भार शासनावर अधिक पडतो. महाराष्ट्रातले डान्सबारचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 2005 मध्ये राज्याने पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बारमधील नृत्यावर बंदी घातली आणि त्याच वेळी तारांकित हॉटेलांना तीतून वगळले. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ती रद्द केली आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. एका ठिकाणी जे नृत्य अनैतिक, तेच महागड्या ठिकाणी चालते, हा भेद टिकला नाही. शिवाय बंदीने असंख्य स्त्रियांची उपजीविका गेली, याचीही दखल घेतली गेली. 2016 मध्ये नवा कायदा आला. त्याचा भर अटींवर होता, तरी त्यांतल्या काही बंदीइतक्याच कडक होत्या. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या एकेक करून तपासल्या: सीसीटीव्हीची सक्ती आणि शाळा व प्रार्थनास्थळांपासून एक किलोमीटर अंतराची अट रद्द झाली, रात्री साडेअकरापर्यंतच्या वेळेची मर्यादा कायम राहिली. म्हणजे फरक उरतो तो इथे. बंदीची सर्व अंगांनी छाननी होते, निर्बंध मात्र एकेक अट सुटी करून तपासता येतो.

प्रतिसाद 3

‘मनाई’विषयी थोडी भर. पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी जमावबंदीचा जो मनाई आदेश काढतात, तो महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली असेल तर राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय 15 दिवसांपलीकडे चालत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली, म्हणजे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली, ही मर्यादा सर्वसाधारणपणे दोन महिन्यांची आहे. मुदत हा मनाईच्या अर्थाचाच भाग समजावा. ‘जमावबंदी’ आणि ‘संचारबंदी’ यांतही गल्लत नको: पहिलीत एकट्याने रस्त्यावर जाता येते, दुसरीत तेही येत नाही. मार्च 2020 मध्ये राज्यात एका दिवसाच्या अंतराने या दोन्ही लागू झाल्या आणि अनेकांनी दोन्हींना ‘144’ हे एकच नाव देऊन टाकले. ‘टाळेबंदी’ हा शब्द तर त्याआधी गिरणी-कारखान्यांच्या मालकांनी केलेल्या कामबंदीचा होता.

विचारणा करणाऱ्याचा उपप्रश्न

कायद्याचा आधार न सांगता निव्वळ परिपत्रकाने घातलेल्या अटींना मग काय म्हणावे?

प्रतिसाद 2 (पुढे)

‘सूचना’ म्हणावे, किंवा फार तर ‘निर्देश’. ‘निर्बंध’ म्हणू नये, कारण घटनेच्या अर्थाने ते निर्बंध नव्हेत. 1986 मध्ये केरळमधील शाळकरी मुलांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती मुले आदराने उभी राहत, परंतु धर्मश्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढण्यात आले होते. शिक्षण खात्याच्या परिपत्रकांवर शासनाची भिस्त होती. त्यांना कोणत्याही कायद्याचा आधार नसल्याने त्यांच्या बळावर मुलांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर मर्यादा घालता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि मुलांना शाळेत परत घेण्यास सांगितले. आपल्याकडे प्रत्येक शासन निर्णयाला, म्हणजे जीआरला, ‘सरकारने कायदा काढला’ असे म्हणायची पद्धत आहे. कायदा विधिमंडळ करते. शासन निर्णय मंत्रालयातून निघतो आणि तो कायद्याच्या वर जाऊ शकत नाही. तेव्हा बातमीत ‘निर्बंध लागू’ असे लिहिताना पुढे ‘अमुक अधिनियमाच्या अमुक कलमान्वये’ इतके शब्द लिहिता येतात का ते पाहावे, आणि येत नसतील तर ‘शासनाची सूचना’ असेच लिहावे.