अळिवाचे लाडू खाऊन हिमोग्लोबिन 7.1 : घरगुती उपायांचं आपण करायचं काय?

निशिगंध (धागाकर्ती)

गेल्या दिवाळीच्या आधी शाळेचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसून घेतलं. धाप, छातीत धडधड. सातवी ब मधली पोरं ओरडत गेली, "बाई पडल्या!" तपासलं तर हिमोग्लोबिन 7.1. बाईला निदान 12 हवं.

आता गंमत ऐका. त्याआधी वर्षभर रोज एक अळिवाचा लाडू, रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका, बीट-गाजराचा रस आणि भाजी लोखंडी कढईत, हे सगळं मी नेमाने करत होते. आई, सासूबाई, जाऊ, स्टाफरूममधल्या सहाजणी, सगळ्यांचं एकमत : "रक्त कमी आहे, अळीव खा." रक्त जातंय किती, हे एकीनेही विचारलं नाही. मीही नाही. पाळी आठ-नऊ दिवस, दोन-दोन तासांनी पॅड बदलायचा, गाठी पडायच्या. "चाळिशीत व्हायचंच असं," हे आमच्या घरचं निदान. सोनोग्राफीत गर्भाशयात तीन फायब्रॉइड (कॅन्सर नसलेल्या गाठी) निघाले. रांजण खालून फुटलेला आणि मी वरून तांब्या-तांब्याने पाणी ओततेय!

घरगुती उपाय वाईट, असं मी म्हणत नाही. पण आपल्या घरांत ते बाईला दवाखान्यात न नेण्याची सबब म्हणून वापरले जातात. नवऱ्याच्या छातीत जळजळलं की लगेच ईसीजी, बायकोच्या अंगावर जास्त गेलं की दुर्वांचा रस. पटत नसेल तर भांडा.

सुंठसाखर

भांडतेच. सबब सांगणाऱ्याची चूक सुंठीच्या माथी कशाला?

माझी आजी देवगडकडची सुईण. तिच्या हातच्या बाळंतशेपा, ओव्याची धुरी, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू यावर आमच्या अर्ध्या गावाच्या बाळंतिणी उभ्या राहिल्या. माझ्या लेकीला (वय 16) पाळीत पोटात कळा येतात तेव्हा सुंठ-गुळाची गोळी आणि ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी एवढंच करते. आणि हे आजीचं म्हणून नाही बरं का. इराणमध्ये 2009 साली विद्यार्थिनींवर झालेल्या चाचणीत 250 मिलिग्रॅम सुंठ दिवसातून चार वेळा, तीन दिवस दिली, तर आराम आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिड या दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांच्या तोडीचा निघाला. त्याआधी 2001 मध्ये अमेरिकेत पोटावर सुमारे 39 अंशांचा शेक सतत ठेवून पाहिला, तोही गोळीइतकाच उतरला. उलट तीच मेफेनॅमिकची गोळी आपल्याकडे मुली चिठ्ठीशिवाय शेंगदाण्यासारख्या खातात. 2023 च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने तिच्या एका क्वचित पण गंभीर रिअ‍ॅक्शनबद्दल इशारा दिला, तेव्हा सगळ्यांना आजी आठवली.

निशिगंध

पाळीच्या कळांबाबत शंभर टक्के मान्य. शेक मीही घेते. पण "कळ" आणि "रक्त जाणं" एकाच डब्यात टाकू नका.

बंड्या

आमच्या घरी आई, बहीण, बायको कधी आजारीच पडल्या नाहीत. हळद-दूध. विषय संपला.

नर्सताई

बंड्याभाऊ, त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, एवढंच. दुधाला दोष नाही.

परळीकर

धागाकर्तीताई, तुमचं सगळं खरं धरू. दवाखान्यात गेलं की सुटलं, हे कुणी सांगितलं पण?

आमच्याकडं बाया गेल्या ना दवाखान्यात. अंगावरून पाणी जातंय, कंबर दुखतीय, म्हणून गेल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया. सोनोग्राफीचा कागद पुढं टाकला, "गर्भाची पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल," की आठ दिवसांत पिशवी बाहेर. 2019 ला आरडाओरडा झाल्यावर सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड बायांची पाहणी झाली. 13,800 हून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. तुमच्या स्टाफरूममध्ये सहाजणीत एक असं धरा, म्हंजे कळंल.

माझ्या चुलतीची अठ्ठाविसाव्या वर्षी काढली. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन. फडावर पाळीचे चार दिवस गेले की खाडा, खाड्याला दंड. मग तिलाही वाटलं, गेली ब्याद. आता पस्तिशीला हाडं दुखतात, ऊन लागल्यागत अंगातून वाफा निघतात. ती म्हणती, त्यापेक्षा म्हातारीचं तांदळाचं धुवण पीत बसले असते तर बरं झालं असतं. काय सांगू तिला?

निशिगंध

परळीकर, याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्याही बाबतीत पहिल्या डॉक्टरांनी दहाव्या मिनिटाला "दोन मुलं झालीत ना, मग काढून टाकू" असंच म्हटलं होतं. मी दुसरीकडे गेले, कारण मला दुसरीकडे जाणं परवडत होतं.

सुंठसाखर

हेच म्हणतेय मी! बाईचा विश्वास उडाला म्हणून ती काढ्याकडे वळते. बाई अडाणी आहे म्हणून नव्हे.

नर्सताई

चौदा वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतेय, दोन्ही बाजूंची लक्तरं पाहिलीत. एक जुनी गोष्ट सांगते. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत घरोघरच्या बायका तपासल्या. 1989 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं : 650 बायका, त्यातल्या 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार. सरासरी एकीला साडेतीनहून अधिक. आणि त्याआधी कधी तरी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. म्हणजे बाकीच्या काय करत होत्या? कोणी अंगारा, कोणी मुळी, आणि बऱ्याचजणी तर काहीच नाही. सोसत होत्या. तेव्हा "घरगुती उपाय की डॉक्टर" हे भांडण आपल्यासारख्यांचं. खाली आणखी मोठी रांग आहे, जिच्या वाट्याला दोन्ही नाही.

आता माझं खरं भांडण कशाशी आहे ते. सुंठ, ओवा, शेपा, डिंक : पोटात जाणारं अन्न आहे, बेतानं खा, माझी ना नाही. पण अंगावर पांढरं जातंय म्हणून तुरटीच्या पाण्याने आतून धुणं, लसणाची पाकळी आत ठेवणं, हळद भरणं, याला मी हात जोडते. निरोगी योनीमार्ग मुळात आंबटसर असतो, पीएच साधारण 3.8 ते 4.5. तिथले चांगले जिवाणू तो राखतात. तुम्ही रोज आतून धुतलंत की राखणदारच हाकललात, मग जंतुसंसर्ग वाढतो. माझ्याकडे आतली त्वचा सोलवटून आलेल्या पोरी आल्यात. "ताई, नैसर्गिकच होतं ना," म्हणतात. बिब्बाही नैसर्गिकच असतो.

दुसरं, पाळी चुकली की तीळ-गूळ, पपई, काळ्या बोळाचे प्रयोग. आधी लघवीची तपासणी करा गं. केंद्रात ती फुकट होते.

वैद्य_सातारा

मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा पदवीधर. दोन्ही पक्ष ज्याला आयुर्वेद म्हणून मिरवताहेत किंवा झोडताहेत, त्यातलं निम्मं आयुर्वेद नाहीच, व्हॉट्सअ‍ॅप आहे. पांडुरोगात, म्हणजे रक्त कमी असताना, पुनर्नवा मंडूर सांगितलंय, पण आधी रक्त का कमी झालं ते शोधून. रक्तप्रदराला (अंगावर जास्त रक्त जाण्याला) अशोकारिष्ट देतो, पण ते किती दिवस, कुणाला, कशासोबत, हे ठरवावं लागतं. अरिष्टात आपसूक तयार झालेलं मद्य असतं, हे किती गर्भार बायकांना माहीत आहे? दुकानातून बाटली आणायची, बहिणीच्या अनुभवावर प्यायची, आणि बिघडलं की शास्त्राला शिव्या.

कोरोनात गुळवेलीचं हेच झालं. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की वेल ओळखण्यातच चूक झाली असावी. मी माझ्याच लोकांना म्हणतो, चूक ओळखण्याची असली तरी सूज रुग्णाच्याच यकृताला आली ना? कुंपणावरचा वेल ओरबाडून काढा उकळण्याला औषध म्हणत नाहीत.

सुंठसाखर

वैद्यबुवा, तुमच्याकडे आलं की आठ पुड्या आणि तीन बाटल्या, वर पथ्य. आजी पैसे घेत नव्हती.

वैद्य_सातारा

आजीकडे नोंदही नव्हती. तिच्या हातून दगावल्या किती, हे कुणी लिहून ठेवलंय?

(उत्तर देऊ नका, मला ठाऊक आहे मी टोचून बोललो.)

नर्सताई

टोचून बोललात, पण मुद्दा नोंदीचाच आहे. मुंबईत टाटा रुग्णालयाने 1998 पासून झोपडपट्टीतल्या दीड लाख बायकांवर अभ्यास केला. गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावायचं, म्हणजे व्हिनेगरच की, आणि मिनिटभराने पांढरा डाग उठतो का ते पाहायचं. पाहणाऱ्या कोण? दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका. त्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. स्वयंपाकघरातली वस्तू होती म्हणून कुणी नाक मुरडलं नाही, कारण कुणाला लावली, काय दिसलं, पुढे बाईचं काय झालं, हे पंधराएक वर्षं लिहून ठेवलं होतं.

आणि सुंठसाखरताई, एक विचारू? लेकीची महिन्याला शाळा किती बुडते?

सुंठसाखर

दोन दिवस. कधी तीन. का?

नर्सताई

कधीपासून?

सुंठसाखर

नववीपासून. पण आमच्याकडे सगळ्यांनाच होतं असं. मला व्हायचं, आईला व्हायचं.

नर्सताई

शेकून, सुंठ घेऊनही दर महिन्याला शाळा बुडत असेल तर एकदा स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. सगळ्यांना होतं म्हणून दाखवायचं राहिलेलं असतं. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) घराण्यात असू शकतो. असेलच असं नाही. पण दोन वर्षं म्हणजे फार झाली.

बंड्या

बायकोला विचारलं. तिलाही चार वर्षांपासून त्रास होतोय म्हणे. मला माहीत नव्हतं.

परळीकर

बंड्याभाऊ, बरं झालं विचारलं. पिशवी काढायची म्हणले तर दुसऱ्याला दाखवा.

सुंठसाखर

शनिवारची वेळ घेतली आहे. सुंठ बंद करणार नाही.

नर्सताई

कोण म्हणालं बंद करा?

निशिगंध

धाग्याची गाडी छान भरकटली, बरं वाटलं. माझं विचारणाऱ्यांसाठी : शिरेतून लोह घेतलं, रक्तस्राव आटोक्यात आणायचं औषध चालू आहे, पिशवी जागेवर आहे, हिमोग्लोबिन 11.2. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आहे, तेव्हा मी काही विशेष नाही.

आणि हो, लाडवाची कृती विचारणारे तीन व्यनि (व्यक्तिगत निरोप) आलेत! एवढं लिहून! अळीव नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवा, खोवलेलं खोबरं आणि गूळ घालून मंद आचेवर आटवा.

सुंठसाखर

जायफळ की वेलची?

निशिगंध

जायफळ. आणि वरून तासभर चहा नाही. चहाने लोह अंगी लागत नाही म्हणून नर्सताई ओरडतात.