मर्केटरच्या आधी, डबीच्या झाकणावर

असं म्हटलं जातं की उत्तरेकडे जाताना अक्षांशांच्या रेषांमधलं अंतर वाढवत नेण्याची कल्पना 1569 मध्ये नकाशाकार मर्केटरनेच पहिल्यांदा नकाशात उतरवली. हे मला पटत नाही. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा होकायंत्रं बनवणारा एरहार्ट एट्सलाउब याने 1511 आणि 1513 मध्ये खिशात मावणाऱ्या सूर्यघड्याळांच्या झाकणावर युरोप आणि उत्तर आफ्रिकेचा नकाशा काढला होता. विषुववृत्तापासून साधारण 67 अंशांपर्यंतचा, तळहाताएवढा आणि दक्षिण वर असलेला. त्यात अक्षांशांमधलं अंतर उत्तरेकडे वाढत जातं, जवळपास मर्केटरसारखंच. म्हणजे 58 वर्षं आधी!

घड्याळावर नकाशा कशासाठी, हा प्रश्न उरतोच, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. अशा घडी घालून मिटता येणाऱ्या सूर्यघड्याळात सावली पाडणारा दोरा त्या गावाच्या अक्षांशाइतक्या कोनात ताणावा लागतो. न्यूरेंबर्गला साधारण साडेएकोणपन्नास अंश, रोमला बेचाळीस. दोरा तसाच ठेवून रोमला गेलात तर वेळ चुकणारच. म्हणून प्रवाशाला आपण किती अक्षांशावर आहोत हे कळणं भाग होतं, आणि झाकणावरचा नकाशा ते सांगायचा. रोमच्या यात्रेकरूंसाठी रस्त्यांचा नकाशाही एट्सलाउबनेच काढला होता, तोही दक्षिण वर ठेवून; त्यात वाटेवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक जर्मन मैल (साधारण साडेसात किलोमीटर).

मर्केटरचं श्रेय यामुळे कमी होत नाही. नाविकांना सरळ रेषेत दिशा धरता यावी हा हेतू त्याने नकाशावरच स्पष्ट लिहिला. एट्सलाउबच्या हाताखाली मात्र इवलंसं झाकण होतं, आणि त्यावर त्याने ही वाढती अंतरं बसवली.