इंटर्न्सना फॉर्म चार (मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट) नीट भरायला कसं शिकवता?

मी मेडिसिनला लेक्चरर आहे, सरकारी कॉलेज. गेल्या महिन्यात आमच्या युनिटचे डेथ फॉर्म एमआरडीतून (मेडिकल रेकॉर्ड विभागातून) मागवून वाचले आणि जीव कळवळला. एक ५८ वर्षांचे काका, जुना डायबिटीस, पायाला गँगरीन, त्यातून सेप्सिस (जंतुसंसर्ग अंगभर भिनणं) होऊन गेले, आणि कारणात लिहिलंय काय तर कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट, खालच्या ओळी कोऱ्या, इंटर्व्हलचा (आजार सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतच्या काळाचा) रकाना पण कोरा. अहो प्रत्येकाचंच हृदय बंद पडतं शेवटी. पोरं हुशार आहेत, सेकंड एमबीबीएस-थर्डला फॉरेन्सिकमध्ये सगळं पाठ करून आलीयेत, पण रात्री तीनला समोर नातेवाईक रडत उभे असतात तेव्हा जे सुचेल ते लिहितात. लेक्चर घेऊन झालं, फरक शून्य.

फॉरेन्सिकवाली
सर लेक्चरने होणार नाही. मी "म्हणून" लावायला शिकवते. खालच्या ओळीपासून वर मोठ्याने वाचायचं: डायबिटीस होता म्हणून पाय सडला, पाय सडला म्हणून सेप्टिक शॉक. "म्हणून" अडखळलं की ओळ चुकली. तुमच्या काकांचं, आकडे समजा असे धरले तर: सगळ्यात वरच्या ए ओळीला सेप्टिक शॉक १ दिवस, बी ला पायाचं गँगरीन १० दिवस, सी ला टाइप टू डायबिटीस १२ वर्षं, आणि बीपी असलं पण या साखळीत नसलं, तर ते भाग दोनमध्ये, म्हणजे हातभार लावणाऱ्या इतर आजारांच्या जागी. कोडिंगवाले (आकडेवारीसाठी मृत्यूच्या कारणांना कोड देणारे) मूळ कारण मुख्यतः सगळ्यात खालच्या भरलेल्या ओळीतून उचलतात, त्यामुळे नुसतं अरेस्ट लिहिलं की डायबिटीसचा तो मृत्यू आकडेवारीतून गायबच होतो. आणि शॉर्टफॉर्म अजिबात नको, एमआय म्हणजे एकाला इन्फार्क्शन (हार्ट अटॅक) तर दुसऱ्याला मायट्रल झडपेचा आजार.

जेआर_टू
मॅडमचं पटतंय, पण खरं सांगू का, घोळ केसपेपरवर सुरू होतो. राउंडला निदान बोललं जातं, लिहिलं जात नाही. नाइटच्या इंटर्नने पेशंट पहिल्यांदाच बघितलेला असतो, तो बिचारा कुठून आणणार १२ वर्षं? आमच्या युनिटला आता सिरियस पेशंटच्या पेपरवर सिनियर रोज मूळ आजार लिहून ठेवतो, तेव्हापासून रात्रीचे फॉर्म सुधारले.

फॉरेन्सिकवाली
हे अगदी बरोबर. अजून एक केस नक्की सोडवायला द्या सर. आजी बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, तीन आठवडे अंथरुणात, मग न्यूमोनियाने गेल्या. जवळजवळ सगळी पोरं न्यूमोनिया लिहून नैसर्गिकवर टिक करतात. "म्हणून" लावत खाली गेलं की तळाला पडणं येतं, म्हणजे अपघात, म्हणजे सही करायच्या आधी एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस) आणि पीएमचं (पोस्टमॉर्टेमचं) बघायला हवं. इथे चुकलं तर घरच्यांना पुढे इन्शुरन्सच्या क्लेमला त्रास होतो.

लेक्चरर (प्रश्न माझाच)
आजींची केस उद्याच घेतो. जुने केसपेपर नावं झाकून देणार आणि वॉर्डातच भरून घेणार, वर्गात नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर कारणाच्या सर्टिफिकेटची प्रत जवळच्या नातेवाईकाला द्यायची आहे, ते पण सांगायला हवं, कारण आता काकांचा मुलगा तो कागद घरी नेऊन वाचणार, त्याला वडील कशाने गेले ते त्यात दिसलं पाहिजे ना.

जेआर_टू
सर ते केसपेपर तयार झाले की आमच्या युनिटला पण द्या, आमच्याकडे सोमवारी नवीन बॅच येतेय.