मदत हवी आहे: ११२, १०८, अग्निशमन आणि पूर नियंत्रण कक्ष एकमेकांशी जोडायला 'कॅप' (कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल, इशाऱ्यांचा ठरलेला साचा) पुरेल का?

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. पूरपट्ट्यातल्या एका जिल्ह्यासाठी छोटं सॉफ्टवेअर करतोय. पोलिसांचा ११२, १०८ रुग्णवाहिका, नगरपालिकेचं अग्निशमन, जलसंपदा आणि जिल्हा आपत्ती कक्ष यांची माहिती एका पडद्यावर यावी, एवढीच मागणी आहे. सध्या सगळा कारभार फोन, व्हॉट्सॲप ग्रुप आणि एक्सेलवर चालतो.

नमुना बघा. एका यंत्रणेकडे नोंद: "मळ्यात १२ माणसं, बोट पाठवा." दुसरीकडे: "आजी ऑक्सिजनवर, रस्ता बंद." तिसरीकडे: "गावठाणाच्या पूर्वेला ३ कुटुंबं." हे एकच ठिकाण की तीन? तिन्हींचे नोंद क्रमांक वेगळे. पाण्याच्या पातळीचीही तीच गत. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ फुटांना आणि धोका ४३ ला; सांगलीच्या आयर्विन पुलावर ४० आणि ४५. ग्रुपवर नुसतं '४१' आलं की ते कुठलं, हे ज्याचं त्याने ओळखायचं.

'सचेत' या सरकारी आपत्ती-इशारा यंत्रणेचे इशारे कॅपवर चालतात, म्हणून कॅपची १.२ आवृत्ती वाचायला घेतली. सगळं त्यातच बसवावं असं वाटतंय, पण बोटीची मागणी कुठे लिहायची तेच कळेना. आणि घटना क्रमांक कुणाचा धरायचा? जाणकारांनी मार्ग दाखवावा. आगाऊ धन्यवाद.

वायरलेस_सेट:
बसवू नका. कॅप हा इशाऱ्याचा साचा आहे. किती तातडी, किती गंभीर, किती खात्री, कुठला भाग, लोकांनी काय करायचं, एवढं तो चोख सांगतो. बोट मागणं हे त्याचं काम नव्हे.

ज्या ओएसिस संस्थेने कॅप काढलं, तिनेच यंत्रणांच्या आपसातल्या कामासाठी ईडीएक्सएल हा संदेशांच्या साच्यांचा संच केलाय. त्यातलं 'आरएम' साधनसामग्रीसाठी, 'हेव' रुग्णालयातल्या खाटा आणि सोयींसाठी, आणि 'डीई' म्हणजे संदेश कुणाकडे जायचा ते लिहिलेलं पाकीट. पण आरएम अख्खं उचललंत तर पुढचा पावसाळाही त्यातच जाईल. मागणी, मागणीला उत्तर, साधन दिलं, साधन मोकळं झालं: हे चार संदेश घ्या आणि कामाला लागा.

नकाशावेडी:
+१. जोडीला तीन खड्डे सांगते.

कॅपच्या पॉलिगॉनमध्ये (म्हणजे नकाशावर भाग आखणाऱ्या बिंदूंच्या यादीत) आधी अक्षांश, मग रेखांश, आणि शेवटचा बिंदू पहिलाच पुन्हा. जीओजेसन या नकाशाच्या फाइल-साच्यात आधी रेखांश. उलटापालट झाली की १६.७, ७४.२ चं कोल्हापूर थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन बसतं. बोट तरी लागेलच म्हणा तिथे!

वेळ +०५:३० (भारतीय वेळेची खूण) लावूनच लिहा. शेवटी 'झेड' (यूटीसी, म्हणजे जागतिक वेळेची खूण) लावलेली वेळ कॅपला चालत नाही, आणि बरीच तयार लायब्ररी नेमकी तीच देते.

गावाचं नाव कधीही हाताने टाइप करू देऊ नका. घाईत लोक खुर्द-बुद्रुक गाळतात आणि गाडी भलत्याच गावात पोहोचते. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे. यादीतून गाव निवडायचं, कोड आपोआप बसला पाहिजे.

फिल्डवरचा:
सगळं खरं, पण भरणार कोण? रात्री दोन वाजता ऑपरेटरच्या एका कानाला फोन असतो. गाव, माणसं किती, त्यात आजारी किंवा गरोदर कुणी आहे का, परत फोन करायचा नंबर. याच्यापुढे एकही रकाना सक्तीचा नको. आणि 'बोट' एवढंच लिहून भागत नाही. रबरी की फायबर, इंजिन आहे का, लाइफ जॅकेट किती, हे देणाऱ्या यंत्रणेने आधीच भरून ठेवायचं.

पंचगंगाकाठ:
मनापासून आभार. पातळीसाठी आता ठिकाणाचा कोड, आकडा आणि एकक असे वेगळे रकाने करतो. घटना क्रमांकाचं मात्र अडलंय. प्रत्येक यंत्रणा म्हणते आमचाच ठेवा.

वायरलेस_सेट:
ठेवू द्या. कुणाचाही क्रमांक बदलायला गेलात तर प्रकल्प बैठकीतच बुडेल. जिल्हा कक्षाने वर एक सामायिक क्रमांक द्यायचा आणि बाकीचे त्याला जोडायचे. गावाचा कोड, फोन नंबर आणि वेळ जुळली की यंत्राने "या दोन नोंदी एकच आहेत का?" एवढंच विचारावं. जोडायचं की नाही ते माणूस ठरवेल. जोडलेली नोंद पुसायची नाही, कारण चुकीची जोडली गेली तर सोडवता यायला हवी.

आणि रंगीत तालमीच्या संदेशावर 'एक्सरसाइज' हा दर्जा टाकायची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. कॅपमध्ये ती आहेच, तुमच्या चार संदेशांतही घाला.

पंचगंगाकाठ:
हे पटलं. चार संदेशांचा कच्चा मसुदा रविवारपर्यंत इथेच टाकतो. १०८ किंवा अग्निशमनच्या नियंत्रण कक्षात काम केलेलं कुणी असेल तर रकाने तपासून द्याल का?